फील्डवर्कमधून उभ्या राहिलेल्या यंत्रणा

मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (‘टिस’) समाजकार्य शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण वर्गात संपत नाही. वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात, बालगृहात जायचे, लोकांशी बोलायचे, पाहिलेले लिहून मार्गदर्शकासमोर मांडायचे आणि पुन्हा जायचे. ‘टिस’ची खरी ओळख माझ्या मते या फील्डवर्कमध्ये आहे.

ही परंपरा संस्थेइतकीच जुनी. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईतल्या नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाऊस चालवत. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले; हीच पुढे ‘टिस’ झाली. पुढच्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले, देशातले पहिले.

प्रश्न अभ्यासायचा, त्यावर छोटा प्रयोग करायचा आणि तो टिकला तर सरकारच्या हाती द्यायचा, ही इथली रीत. १९८४ साली, विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचे ४९८ अ कलम कायद्यात नुकतेच आलेले असताना, संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरी मार खाऊन आलेल्या बाईचे म्हणणे ऐकायला पोलिसांच्या जोडीला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती हवी, एवढाच विचार त्यामागे होता. पुढे महाराष्ट्र शासनाने हे कक्ष आपलेसे केले, इतर राज्यांतही ते गेले.

चाइल्डलाइनची कथा तर विलक्षण आहे. संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना रस्त्यावरची मुले रात्री-अपरात्री घरी फोन करत. कुणी आजारी, कुणाला मारहाण झालेली. अशा मुलांना मदत मागायला एक फुकट नंबर हवा, हे त्यातून उमगले आणि १९९६ साली मुंबईत १०९८ सुरू झाला. ‘दस नौ आठ’ असा उलट मोजत जाणारा, अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही लक्षात राहणारा नंबर. तो ठरवताना मुलांनाच विचारले होते. मला यातले हेच सर्वात मोलाचे वाटते, कारण ज्यांच्यासाठी सेवा काढायची त्यांना विचारण्याची शिस्त फार थोड्या योजनांत दिसते.

याच संस्थेतून २०१२ साली ‘आयकॉल’ आली, फोनवरून मानसिक समुपदेशन देणारी सेवा.

‘टिस’बाहेरही महाराष्ट्रात समाजकार्याची (एम.एस.डब्ल्यू.) महाविद्यालये ठिकठिकाणी आहेत. तिथल्या फील्डवर्कच्या डायऱ्या सही-शिक्क्यानंतर कपाटात जाऊ नयेत. प्राध्यापकांनी त्या वाचाव्यात आणि त्यांतला एखादा तरी प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत न्यावा.