पांदणीतली तीन लिव्हरची जीप

वाशिम जिल्ह्यात गाडी अडते ती चढामुळे क्वचित आणि मातीमुळे नेहमी. अजिंठ्याच्या डोंगरफाट्यांवर पसरलेलं हे पठार. पैनगंगेच्या खोऱ्यात, रिसोडकडे, काळी माती खोल. मानोरा-मंगरूळपीरच्या बरड माळांवर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. सोयाबीन निंदायला आलेलं असतं, वावर गावापासून दीड-दोन किलोमीटर, आणि मध्ये पांदण, म्हणजे कच्चा शेतरस्ता. अशा वेळी 'फोर बाय फोर घ्यावी का?' हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तर देण्याआधी गाडी नेमकी कशी फसते आणि ती बाहेर काढणारी यंत्रणा कशी चालते, हे नीट पाहिलं पाहिजे. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे थर पाणी आत घेऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. एप्रिलमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. पहिल्या पावसानंतर हीच माती टायरला चिकटते. टायरच्या नक्षीतल्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत टायरासारखाच वागतो. हा पहिला टप्पा: घसरणं. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं. हा दुसरा टप्पा: रुतणं. शेवटी दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर गाडीचा एक्सेल किंवा चासी टेकते आणि चाकं नुसती लोंबतात. या तिसऱ्या टप्प्यात चार चाकं फिरवणारी गाडीही काही करू शकत नाही. फावडं घ्यायचं, नाहीतर ट्रॅक्टरला निरोप धाडायचा. म्हणून सगळं कौशल्य पहिल्या टप्प्यात आहे.

जुन्या जीपच्या फरशीवर तीन लिव्हर असायच्या. एक नेहमीच्या गिअरची, दुसरी पुढची चाकं जोडणारी, तिसरी 'हाय' आणि 'लो' बदलणारी. रस्त्यावर जीप फक्त मागच्या चाकांवर चालते. दुसरी लिव्हर टाकली की गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसमधून पुढच्या एक्सेललाही तेवढाच फेरा मिळू लागतो. आता वजन पेलणारी चारही चाकं ओढायला लागतात, म्हणजे प्रत्येक चाकावरचा ताण कमी होतो आणि घसरण्याची वेळ पुढे जाते. फोर व्हीलचा खरा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

तिसऱ्या लिव्हरचं मोल लोकांना कमी कळतं. विलीज घराण्याच्या जीपमध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या लोचं २.४६ आणि एक्सेलमधल्या क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिन्ही गुणले की ३७ येतात: इंजिनाचे ३७ फेरे, चाकाचा एक. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर गाडी ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास सरकते, बैलजोडीपेक्षाही सावकाश. चिखलात हेच हवं असतं. चाक सावकाश फिरलं तर मातीला पकडून ढकलतं. वेगाने फिरलं तर मातीचं लोणी करतं. उतारावरही पहिला गिअर आणि लो असेल तर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक दाबून चाकं घसरवावी लागत नाहीत. त्या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये आणखी एक शहाणपण होतं. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो लागतच नसे, कारण एवढा जोर एकट्या मागच्या एक्सेलवर आला तर तो मोडण्याची भीती.

मग फोर व्हील टाकूनही गाडी का फसते? डिफरन्शियलमुळे. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून एक्सेलच्या मधोमध ही दातेरी चाकांची जुळणी असते. ती दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की त्याला फिरवायला नगण्य जोर पुरतो, आणि घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खड्ड्यावर आलं तर चार चाकांची गाडी दोनच चाकं फिरवत उभी राहते. यावर उपाय डिफरन्शियल लॉक, जो दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी बांधून टाकतो. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे असं लॉक येतं. महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारं लॉक असतं.

हीच गोष्ट उलटीकडूनही लक्षात ठेवावी लागते. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सेलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहतात, ते जमत नाही, आणि सगळा पीळ क्रॉस जॉइंट व ट्रान्सफर केसवर चढतो. लिव्हर अडकून बसते ती त्यामुळे. पांदण संपून डांबर लागलं की फोर व्हील काढायची, ही सवय हाताला लागली पाहिजे.

ही यंत्रणा युद्धातून आली. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारलं आणि नमुना तयार करायला ४९ दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला. मोठ्या उत्पादनाची कामं मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

भारतात ती आणली मुंबईच्या महिंद्रांनी. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या भावांनी १९४५ मध्ये मलिक गुलाम महंमद यांच्यासोबत 'महिंद्रा अँड महंमद' काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सुटे भाग आणून माझगावला विलीज जीप जोडण्यापासून काम सुरू झालं. पुढे दीर्घकाळ चाललेलं मॉडेल म्हणजे सीजे-३बी, उंच बोनेटची. बोनेट उंच असण्याचं कारण तिच्या 'हरिकेन' इंजिनात आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला गेल्याने इंजिन उंचावलं, म्हणून पत्राही वर न्यावा लागला. अमेरिकेत ही जीप १९६८ ला बंद झाली; आपल्याकडे तिचाच वंश डिझेल इंजिनं बदलत कितीतरी वर्षं चालला. प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवलेली एमएम ५४० अजूनही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. खेड्यात जीप आली ती सरकारची म्हणून. १९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि गटविकास अधिकारी, तहसीलदार, पोलीस, वनखातं, आरोग्यकेंद्र यांच्या दारात जीप उभी राहू लागली. या गाड्या निर्लेखित झाल्या की लिलावात निघायच्या, आणि तिथून शेतकऱ्याच्या, गॅरेजवाल्याच्या हाती यायच्या. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन चढवायचं, ताडपत्री बदलायची. जीपचं दुसरं आयुष्य तिथून सुरू होई. दुसरीकडे कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्या काळी-पिवळी टॅक्सी होऊन मालेगाव, कारंजा, पोहरादेवीच्या रस्त्यांवर धावल्या. त्या बहुतेक दोनच चाकांवर चालणाऱ्या होत्या आणि तरी त्यांनी आडगावांना बाजाराशी जोडलं. इथल्या दळणवळणाच्या इतिहासात काळी-पिवळीचं स्थान एसटीच्या खालोखाल मानलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जीप एवढी टिकली याचं कारण ती उघडून पाहता येत होती. चासी म्हणजे शिडीसारखी सरळ चौकट, खाली पाट्यांच्या कमानी आणि दोन भरीव एक्सेल, वर पत्रा. पाटा तुटला तर गावचा मिस्त्री बदलतो. सुटा भाग अकोल्याला मिळतो. संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही, असा प्रकार नव्हता. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, धूर कमी सोडतात, ब्रेक चांगले लागतात. कुटुंब घेऊन जायचं तर मी नवीच सुचवेन. पण सेन्सर बिघडून गाडी पांदणीत उभी राहिली तर गावात इलाज नाही, हेही धरून चालावं.

अशी गाडी सांभाळणं म्हणजे मुख्यतः चिखलानंतरची कामं. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला सुकते आणि दुसऱ्या दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. लोक अलाइनमेंट करायला धावतात. आधी रिम आतून धुवा. ब्रेकच्या ड्रममध्ये माती राहिली तर लायनर झिजतात. क्रॉस जॉइंट आणि पाट्यांच्या पिनांना चिखलानंतर ग्रीस मारायचंच, कारण ताजं ग्रीस आतलं पाणी बाहेर ढकलतं. नाल्यातून गेलात तर एक्सेलचं ऑइल तपासा. गरम एक्सेल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदलायचं. फोर व्हील वापरत नसाल तरी महिन्यातून एकदा ओल्या किंवा मातीच्या सरळ रस्त्यावर टाकून थोडं चालवा, म्हणजे पुढच्या भागात ऑइल फिरतं आणि लिव्हर जाम होत नाही. पावसाळ्यात बोनेटखाली उंदीर वायर कुरतडतात, तिकडेही नजर हवी.

टायरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पैसे चुकतात ते इथेच. रुंद टायर म्हणजे चिखलाचा टायर, हा समज अर्धवट आहे. जिथे चिकट मातीच्या पातळ थराखाली मुरूम आहे तिथे अरुंद टायर माती कापून खालच्या घट्ट थरावर उभा राहतो. जुन्या जीपचा ६.००-१६ चा टायर माळावर का चालायचा, त्याचं उत्तर यात आहे. खोल काळीत मात्र खाली घट्ट काही लागतच नाही, तिथे रुंदी कामी येते. हवा थोडी उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि कमी रुततो. पण मग हवा भरायचा पंप गाडीत असलाच पाहिजे. कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावहून समृद्धी महामार्गावर चढणार असाल तर आधी हवा पूर्ण भरा. कमी हवेचा टायर ताशी १२० च्या वेगात तापतो आणि फुटतो.

कायद्याचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते, त्यामुळे लिलावातून जीप घेऊन चालवण्याची ती जुनी वाट आता बंदच समजा. जुनी जीप दुसऱ्या मालकाकडून घेताना आरसी बुकातला चासी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहा. डिझेल इंजिन नंतर बसवलेलं असेल तर ते आरटीओच्या नोंदीत हवं. समोर लोखंडी बुलबार लावायला बंदी आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तो धोक्याचाही आहे.

घ्यायचं काय, तर आधी आपली पांदण ओळखा. रस्ता मुरमाचा असेल किंवा पावसाळ्यात वावरात मोटारसायकलने जाऊन भागत असेल, तर दोन चाकांवर चालणारी बोलेरो आणि चांगले टायर पुरेसे आहेत. भर पावसात माल किंवा माणसं ने-आण करायचीच असतील तर फोर व्हील घ्या. पण त्यात लो आहे का हे विचारा. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. दिसायला तीच गाडी, चिखलात वेगळी. वजनही पाहा: मेळघाट-ताडोब्यात वर्षानुवर्षं चाललेली जिप्सी टनाच्या आत होती, आणि हलकेपणा हाच तिचा मोठा गुण होता.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र कुठलीच गाडी घालू नका. थारची पाण्यात चालण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, ती वाहत्या पुरात उतरण्याचा परवाना नव्हे. गाडीचा तळ सुमारे सात चौरस मीटर. तळाच्या वर फूटभर पाणी आलं की दोन टन पाणी बाजूला सारलं जातं, आणि गाडीचं वजन पावणेदोन टन. ती तरंगू लागते, मग चार चाकांना धरायला जमीनच उरत नाही. त्याआधीच प्रवाह तिला आडवी ढकलून पुलाखाली नेऊ शकतो.

आणि एक विनंती. पाऊस उघडला की वाफसा येईपर्यंत एक-दोन दिवस पांदणीत गाडी घालू नका, भले ती निघून जाणारी असो. ओल्या पांदणीत पडलेल्या खोल चाकोऱ्या उन्हाने दगडासारख्या होतात, आणि मग बैलगाडी, सायकल, डोक्यावर भारा घेऊन निघालेली बाई, सगळ्यांना वर्षभर त्यातून जावं लागतं.