पुराचं पाणी घरात शिरण्याआधी विम्याची फाईल कुठे असावी?

22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरादुकानांत शिरलं. अशा वेळी कपाटाच्या खालच्या खणातली पॉलिसी आधी भिजते आणि क्लेम करताना तीच लागते.

मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पॉलिसीची पीडीएफ डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर हवीच. नुसती फोनमध्ये असून भागत नाही, फोनही बुडतो. पॉलिसी नंबर गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

खरा वाद होतो तो सामानावरून. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला, की घरातल्या सामानालाही त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पण घरात फ्रीज होता, हे दाखवणार कसं? पावसाळ्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, टीव्ही-फ्रीजचा सिरियल नंबर दिसेल असा. बिलांचेही फोटो घ्या. दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांची शाई तशीही उडत जाते.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायची घाई होते. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान भंगारात देऊ नका.