छपरास अभ्यंग

इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंत ओहायो राज्यांत चिरंजीवांकडे राहिलों होतों. तिकडील बहुतेक घरांचीं छपरें शिंगल नांवाच्या डांबरी कौलांचीं असतात. कांचतंतूंच्या पटलावर डांबर व त्यावर खनिजाचे बारीक कण, अशी त्यांची घडण. ऊन व हवा यांमुळें डांबरांतील तेलकट अंश कमी होतो. कौल कडक होतें, कण गळूं लागतात व अखेर तडे जातात.

एक कारागीर सोयाबीनच्या तेलापासून केलेलें द्रव्य छपरावर फवारण्यास तयार होता. तें मुरून डांबरास लवचिकपणा येतो. एका फवाऱ्यानें पांच वर्षें मिळतात, असें विक्रेते सांगतात. "छपरास कसलें तेल!" म्हणून आम्हींच चिरंजीवांस परावृत्त केलें. दर दिवाळीस अभ्यंग करणाऱ्या आम्हांस एवढेंहि उमजूं नये!

पुढें माडी गळूं लागली, तेव्हां त्याच कारागिरास बोलाविलें. तो म्हणाला, "तडे तेलानें सांधत नाहींत. आतां छप्परच नवें घाला." तो खर्च चिरंजीवांनीं निमूटपणें सोसला.

ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं एवढेंच कळवावें: पन्हळींत कण दिसूं लागतांच, तडे जाण्यापूर्वीं, छप्पर जाणत्याकडून तपासून घ्यावें. संस्कृतांत तेल व माया या दोहोंस 'स्नेह' हा एकच शब्द आहे; दोन्ही वेळेवरच उपयोगीं पडतात.