पावसाळा, पीकरक्षणाची बंदूक आणि गंज

हेडफोन चार्ज नसतील किंवा एसटीत रेंज जात असेल, तर आजचा भाग इथे वाचून घ्या.

मागच्या भागानंतर घाटाखालच्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, आजोबांच्या नावावर पीकरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. पावसाळ्यात तिला दरवर्षी गंज धरतो. काय करावं?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर नीट दिलं नाही तर कुणाचा तरी हात जाऊ शकतो. म्हणून अख्खा भाग यावरच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा भाग शिकारीचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार हा गुन्हा आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकात शिरलं, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. बंदूक ठेवायलाही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एका बाजूला ज्ञानगंगा, दुसऱ्या बाजूला अंबाबरवा अभयारण्य, आणि मधे सगळी शेती. त्यामुळे काही घरांत अशी बंदूक असते, आणि ती नीट ठेवणं ही परवानाधारकाची जबाबदारी असते.

आता खरी अडचण बघा. सोयाबीन, मका, कपाशी उभी असते ती पावसाळ्यात. डुकरं येतात तीही तेव्हाच. म्हणजे बंदूक बाहेर निघते ती नेमकी चिखल, दव आणि भुरभुर पावसात. भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस कमी निघो की जास्त, गंजाला तेवढ्याने फरक पडत नाही. त्याला धो-धो पाऊस लागतच नाही.

गंज म्हणजे काय, तर लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा मेळ. हवा दमट असली की पोलादावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा थर बसतो, आणि काम सुरू होतं. त्यात मीठ पडलं की वेग वाढतो. हे मीठ येतं आपल्या घामाच्या हातातून. आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: खताची रिकामी पिशवी. पावसात बरेच जण तीच गुंडाळतात. पण पिशवीत खताचे क्षार राहिलेले असतात, ते ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. झाकायचंच असेल तर स्वच्छ कोरा प्लास्टिक कागद घ्या, आणि घरी आल्या आल्या काढा.

ठासणीची बंदूक असेल तर काळजी दुप्पट. काळी दारू जळाल्यावर नळीत जी काजळी उरते, तिच्यात क्षार असतात. ते तेलाने निघत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ती नळी आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल लावायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हे आहे.

आता १२ बोअरच्या साध्या एकनळी बंदुकीचं बघू. हे काम परवानाधारकाने स्वतः करायचं.

पहिलं, बंदूक उघडून काडतूस काढायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. नळी रिकामी आहे हे डोळ्याने बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. यानंतरच पुढचं काम.

दुसरं, जमत असेल तर नळी दस्त्यापासून वेगळी करायची. सुती चिंधीने बाहेरून पुसायचं, गजाला चिंधी लावून आतून. चिंधी कोरडी निघेपर्यंत.

तिसरं, नळीच्या तोंडाशी मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि मागच्या बाजूने आत बघायचं. आतून आरशासारखी चमक दिसली पाहिजे. तांबूस डाग किंवा खड्डे दिसले तर घासत बसू नका.

चौथं, बंदुकीचं किंवा शिलाई मशीनचं तेल, अगदी पातळ थर. खायचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं आणि घोडा अडकतो. रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं.

पाचवं, लाकडी दस्ता सावलीत वाळवायचा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर तडकतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मोताळ्याकडचे, परवानाधारक. रात्री किती का वाजेना, ते म्हणतात, "बाबू, पुसल्याबिगर निजायचं नाही." सकाळी बघू म्हटलं की गंजाला अख्खी रात्र मिळते.

ठेवायचं कुठे? चामड्याच्या खोळीत नको. चामडं ओलावा धरून ठेवतं. कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवा, भिंतीला टेकवून नको. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला असं समजायचं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाट उघडून बघायचं.

काडतुसंही सादळतात. कागदी खोळीची फुगतात आणि नळीत अडकतात. फुगलेलं, हिरवट पितळेचं काडतूस वापरायचं नाही, वाळवून तर अजिबात नाही. चाप ओढला आणि बार उडालाच नाही, तर लगेच उघडू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. कधीकधी बार उशिरा उडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळीत चिखल किंवा चिंधीचा तुकडा अडकलेला असताना बार काढला, तर मागचा दाब बाहेर पडायला जागा मिळत नाही. नळी फुगते, फुटते. गंजाने आतून पातळ झालेली नळीही अशीच दगा देते. म्हणून खड्डे दिसले तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच दाखवा. तो "आता वापरू नका" म्हणाला, तर ऐका. पीक पुढच्या हंगामात पुन्हा येतं, बोटं येत नाहीत.

आणि नातवंडांनो, आजोबांच्या बंदुकीसोबत रील काढू नका. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. मदत करायचीच असेल तर चिंध्या धुऊन वाळवून ठेवा, आणि सिलिका जेलचा रंग कधी बघायचा याचा रिमाइंडर मोबाईलवर लावा.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!