बालवाचक मंडळे

बालवाचक मंडळे : ग्रंथालय, शाळा अथवा वस्ती यांच्या आश्रयाने ठराविक दिवशी एकत्र येऊन पुस्तके वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि त्यांविषयी बोलणाऱ्या मुलांच्या व किशोरांच्या गटांस बालवाचक मंडळे म्हणतात. कथाकथन, प्रकटवाचन, लेखकभेट, नाट्यवाचन, ग्रंथप्रदर्शन, ग्रंथदिंडी इ. उपक्रमांचाही या संज्ञेच्या व्यापक अर्थात समावेश केला जातो. तथापि मंडळ आणि उपक्रम यांत भेद करणे आवश्यक आहे. उपक्रम एका दिवसात पार पडतो, त्याचे छायाचित्र निघते व अहवालात नोंद होते. मंडळ मात्र तीच मुले, तीच जागा आणि तोच वार यांवर उभे असते. पुस्तक घरी नेणे आणि ते परत आणून त्याबद्दल कोणाला तरी सांगणे, हा त्याचा कणा होय. ज्या घरांत छापील मजकूर क्वचितच शिरतो तेथील मुलांना हा फरक अधिकच जाणवतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या उदाहरणावरून तो नीट समजून घेता येतो.

पूर्वपीठिका : मुलांसाठी ग्रंथालयात वेगळे दालन असावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुजली. ॲन कॅरोल मूर यांनी १८९६ पासून ब्रुकलिन येथील प्रॅट संस्थेत व १९०६ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या दालनांची व्यवस्था पाहिली. ठेंगणी फडताळे, मुलांच्या मापाच्या खुर्च्या आणि गोष्टीचा तास यांना तेथे प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर येला लेपमान यांनी १९४९ मध्ये म्यूनिक येथे आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय स्थापन केले. युद्धाने होरपळलेल्या शहरातील मुलांनी निरनिराळ्या देशांची पुस्तके वाचावीत व त्यांवर आपले मत द्यावे, असा त्यामागील हेतू होता. मुलांना पुस्तकांवर निकाल देण्याचा अधिकार असतो, हे तत्त्व तेथे स्पष्टपणे मान्य झाले.

भारतात या बाबतीत बडोदे संस्थान अग्रेसर होते. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलनसन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखली. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविण्याची फिरत्या ग्रंथालयांची पद्धत हा त्या योजनेचा भाग होता. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच ग्रंथालयसूत्रांत वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकलेली आहे. मुलांच्या बाबतीत ही गाठ आपोआप पडत नाही.

मराठी मुलुखातील जुनी ग्रंथालये मुख्यतः प्रौढांसाठी निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. मुलांच्या वाचनाची गरज प्रथम नियतकालिकांनी भागविली. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध १८८१ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांचे आनंद १९०६ मध्ये आणि भा. रा. भागवत यांचे बालमित्र १९५१ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तक मंडळाचे किशोर मासिक १९७१ पासून निघू लागले. साने गुरुजींच्या निधनानंतर (१९५०) प्रकाशभाई मोहाडीकर यांनी त्यांच्या नावाने कथामालेची चळवळ उभारली व शाळाशाळांतून गोष्टी सांगणारे कार्यकर्ते तयार केले. या चळवळीत पुस्तकापेक्षा कथन मोठे होते. हे तिचे न्यून मानण्याचे कारण नाही, कारण पुस्तकाकडे जाणारी वाट बहुधा कानातूनच जाते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम (१९६७) अस्तित्वात आल्यावर खेड्यांतील ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. बालविभागाची वाढ मात्र बहुतेक ठिकाणी त्या त्या ग्रंथपालाच्या हौसेवर अवलंबून राहिली.

जव्हार-मोखाडा भाग : जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते ठाणे जिल्ह्यात आले व १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले. जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांत सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या आदिवासी असून वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकूर, कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. जामसर हे जव्हार तालुक्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्राचे गाव आहे. या भागातील गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे. टेकड्यांच्या उतारांवर पसरलेल्या अनेक पाड्यांचे मिळून ते बनते. गावात ग्रंथालय असले, तरी पाड्यावरील सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते दूरच असते, आणि पावसाळ्यात ओढे भरले की ते अधिकच दूर जाते.

अंतराहून मोठी अडचण भाषेची आहे. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलणारे मूल पहिलीत पुस्तकी मराठीला सामोरे जाते. ही बोली मराठीच्या जवळची आहे, असे बाहेरच्या माणसास वाटते. पण शब्द, प्रत्यय आणि हेल यांतील अंतर मुलाला गप्प करण्यास पुरेसे असते. अक्षरओळख झालेली, परंतु वाचलेल्याचा अर्थ न लागलेली मुले वरच्या वर्गांत दिसतात ती यामुळेच. अशा मुलासमोर पुस्तकांचे कपाट उघडून ठेवले म्हणजे काम झाले, ही समजूत चुकीची आहे. त्याला प्रथम ती भाषा गोष्टीच्या ओघात, चित्राच्या आधाराने आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळाली पाहिजे. वाचक मंडळ या भागात ऐच्छिक करमणूक न राहता शिक्षणाची पूर्वअट बनते, ते या कारणाने.

येथे कथेचे दारिद्र्य मुळीच नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाणी म्हणते, कोकणांत थाळीच्या साथीने कथा लावली जाते, आणि कणसरी या धान्यदेवतेच्या कथा अनेक जमातींत प्रचलित आहेत. वारली चित्रांतील चौक स्वतःच एक वाचावयाची गोष्ट असते. ज्या मंडळात मुलाने घरी ऐकलेली कथा त्याच्या बोलीत सांगितली जाते, ती फळ्यावर लिहिली जाते आणि पुढे तिचे हाताने शिवलेले पुस्तक होते, तेथे लेखन म्हणजे काय हे मुलांना व्याख्येवाचून कळते.

या जिल्ह्यात अशा कार्यास जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले व पुढे ते कोसबादच्या टेकडीवर हलविले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून अंगणवाडी व कुरणशाळा यांचे प्रयोग झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविणे ही कल्पना वाचक मंडळांनाही जशीच्या तशी लागू पडते. अलीकडच्या काळात वाडे तालुक्यातील सोनाळे येथे केंद्र असलेल्या क्वेस्ट या संस्थेने (स्थापना २००७) प्रारंभिक साक्षरतेवर पद्धतशीर काम केले आहे. निलेश निमकर हे तिचे संस्थापक. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने चाललेल्या तिच्या ‘गोष्टरंग’ या उपक्रमात तरुण नट बालसाहित्यातील निवडक गोष्टी आश्रमशाळांत व जिल्हा परिषदेच्या शाळांत सादर करतात. प्रयोगानंतर मुलांबरोबर त्याच गोष्टीवर काम केले जाते. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट नंतर पुस्तकात भेटली, की अनोळखी शब्दांचा अर्धा धाक जातो. अर्थ आधीच हाती असतो, उरते ते केवळ अक्षरांशी जुळवून पाहणे.

कार्यपद्धती : मंडळात दहा-पंधरांहून अधिक मुले असू नयेत. ती अर्धवर्तुळात बसतात आणि वाचणारा पुस्तक बाजूला धरून चित्र सर्वांना दिसेल असे वाचतो. वाचता वाचता थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारणे उपयुक्त असते. ‘या गोष्टीपासून काय बोध मिळतो?’ हे विचारणे टाळावे. बोधाच्या प्रश्नाने मुले वर्गातील उत्तरे देऊ लागतात व गोष्ट तेथेच संपते. मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिल्यास ते सुधारू नये. तेच म्हणणे मराठीत सहज पुन्हा उच्चारावे. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या टाइपातील, जोडाक्षरे कमी असलेली चित्रमय पुस्तके योग्य ठरतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील स्वस्त पुस्तके या दृष्टीने अनेक शाळांना उपयोगी पडली आहेत.

पुस्तके मुलांच्या हाती देणे ही या कार्यातील खरी कसोटी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक ठरविले आहे. परंतु पुस्तक एकदा नोंदवहीत चढले की ते मालमत्ता होते व हरवल्याचा जाब शिक्षकास द्यावा लागेल, ही भीती निर्माण होते. मग कपाटास कुलूप लागते. या भीतीला शिक्षक एकटा जबाबदार नाही. काही पुस्तके फाटणार, काही चुलीजवळ काळी पडणार आणि काही परत येणारच नाहीत, हे व्यवस्थेनेच आधी मान्य करून झिजेची तरतूद करावयास हवी. देवघेवीची वही मुलांच्याच हाती दिल्यास पुस्तके अधिक प्रमाणात परत येतात, कारण वसुली मग सवंगडी करतात.

दिनविशेषांचे महत्त्व मर्यादित आहे. हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या जन्मदिनी, म्हणजे २ एप्रिल रोजी, १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन पाळला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन (१५ ऑक्टोबर) वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव म्हणून घोषित झाले. तेथे घराघरांत पुस्तकांची दालने आहेत. असे प्रसंग व स्थळे लोकांचे लक्ष वेधून घेतात. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांसाठी कोणी बसले नाही, तर मात्र त्यांचा ठसा टिकत नाही. पणजीच्या बुकवर्म संस्थेने (२००५) गोव्यातील शाळांत ग्रंथालयाचा तास नियमितपणे चालविला, हे या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

किशोरांचा प्रश्न निराळा आहे. तेरा-चौदा वर्षांनंतर कथाकथन त्यांना पोरकट वाटू लागते. या वयात वृत्तपत्र, विज्ञान, चरित्र, प्रवास आणि वादविवाद यांची गरज असते व पुस्तकनिवडीचा अधिकार मंडळाकडेच असावा लागतो. आज तालुक्याच्या गावांतील ग्रंथालयांत तरुण येतात ते मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी. अभ्यासिकेची गरज नाकारता येत नाही. तिने वाचनाची जागा व्यापू नये, इतकेच. मुलींच्या बाबतीत मंडळाची वेळ निर्णायक ठरते. पाणी भरणे, लहान भावंडे सांभाळणे यांतून सुटका झाल्याशिवाय त्या येऊ शकत नाहीत, आणि अंधार पडल्यावर त्यांना पाठविले जात नाही.

येथील मंडळांचे वेळापत्रक शेवटी शेतीच्या व मजुरीच्या ऋतुचक्रावर ठरते. आवणीच्या दिवसांत मोठी मुले शेतावर असतात. भात, नागली, वरई यांची कापणी होऊन दिवाळी सरली की अनेक कुटुंबे वसई, भिवंडी या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लहान मुले त्यांच्याबरोबर असतात. आश्रमशाळेतील निवासी मुले गावी राहतात, म्हणून मंडळ सलग चालविण्यास ती जागा सर्वांत अनुकूल होय. स्थलांतरित मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ (२००९) या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे फिरविली जाते. भोंगाशाळा आणि फिरती पेटी यांची सांगड घातल्यास भट्टीवरील सहा महिन्यांत मुलाचे वाचन तुटणार नाही. मात्र त्यासाठी पेटी मुकादमाच्या खोलीत न ठेवता मुलांच्या झोपडीजवळ ठेवावी लागेल आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने वाचणारा एक माणूस तेथे नेमावा लागेल.