कचेरीतला बाळंतविडा

शहाड स्टेशनवर सकाळच्या लोकलमध्ये शिरल्यावर ज्या भाग्यवतीला बसायला जागा मिळते, तिच्या पिशवीतून तीनच वस्तू बाहेर निघण्याचा संभव असतो. स्तोत्राचे पुस्तक, मटाराच्या शेंगा, नाहीतर विणकामाच्या सुया. (मोबाईल निघतो तो वेगळा, तो काय सगळ्यांच्याच हातात असतो.) मला सांगायचे आहे ते सुयांबद्दल, आणि त्यांच्यावर चढत असलेल्या इवल्याशा टोपऱ्याबद्दल. गंमत अशी, की विणणारीच्या स्वतःच्या घरी बहुधा पाळणा हलणार नसतो. टोपरे असते कचेरीत शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईच्या बाळासाठी.

पूर्वी बाळंतविडा म्हणजे नात्यातला मान. आई, मावशी, आत्या, काकू यांनी झबली शिवायची, दुपट्यांना काठ लावायचे, कुंचीला मोती टाचायचे. परक्या बाईने त्यात हात घालायचे कारणच नव्हते. पण नोकरीने बायकांचा दिवस बदलला. १९९२ साली कल्याणहून मुंबईला खास बायकांची लोकल धावू लागली, ती काही उगीच नव्हे! सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास आणि मध्ये कचेरीचे आठ तास. सख्ख्या बहिणीशी महिन्यातून एकदा फोनवर बोलणे होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मात्र आज आपण डब्यात भाजी कोणती आणली हेही ठाऊक असते. मग तिच्या बाळाची आपण कोण लागतो?

परक्यासाठी विणणे तसे आपल्याकडे नवे नाही. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर नि मोजे विणले. ज्याचे तोंडही पाहिले नाही त्याच्या अंगाचे माप मनाशी धरायचे, हेच त्या कामाचे मर्म. जन्माला यायच्या बाळाचे तरी तोंड कुठे पाहिलेले असते?

शहाड म्हटले की लोकांना सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आठवतो. लाकडाच्या लगद्यापासून तिथे कृत्रिम रेशमाचा धागा निघतो. पण तो धागा पडला निसरडा नि थंड; टोपऱ्याला हवी ऊबदार लोकर. ती घ्यायला आम्ही उल्हासनगरच्या बाजारात जातो. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे इथल्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. आमच्या डब्यातही सिंधी बायका आहेत. त्यांच्या घरी छठी, आमच्या घरी पाचवी नि बारसे; टाके मात्र दोन्हीकडे सुलट आणि उलट, एवढेच.

लोकर घेताना ती हाताने चाचपू नये, गालाला लावून पाहावी. हात राठ असतात, त्यांना काही कळत नाही. सुया दहा किंवा बारा नंबरच्या; आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिकीला ठाऊक नसते आणि ती दुकानदाराशी वाद घालते. मणी, बटणे, लोंबती रिबीन यांचा मोह टाळावा. बाळ सगळे तोंडात घालते. मोठ्या जाळीची वीणही नको, तीत बोटे अडकतात. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर घरात टोपरे ठेवू नये असे डॉक्टर हल्ली सांगतात, तेही आईच्या कानावर घालावे. उलट, अपुऱ्या दिवसांचे बाळ आईच्या छातीशी उघडे धरून ऊब देतात, तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपरे नि पायांत मोजे असावेच लागतात. तिथे आपले हातभर काम खरोखर औषधाच्या जागी बसते.

खरी मेख आहे ती मापाची. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांपुरती बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. फार चांगले झाले. पण विणणाऱ्यांचा हिशेब चुकला! नव्या बाळाच्या डोक्याचा घेर असतो सुमारे ३५ सेंटिमीटर. सहा महिन्यांत तो ४३ च्या आसपास जातो. आई कचेरीत परत येईल तेव्हा पेढ्यांच्या बदल्यात आपण तिच्या हाती जे टोपरे ठेवू, ते बाळाच्या मुठीवर बसायचे. तेव्हा बारशाला जाणार असाल तर लहान विणा, नाहीतर सहा महिन्यांचे माप धरा आणि पंचांग पाहा. आमच्याकडे थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, फार तर उल्हास नदीकाठी मुंबईपेक्षा अंमळ जास्त. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाला ती बरोबर सहाव्या महिन्यात गाठते. एप्रिलमध्ये वाढणाऱ्या बाळाला लोकर म्हणजे शिक्षाच. त्याच्यासाठी सुती दोरा घ्यावा. यातले काहीच जमत नसेल तर पहिली संक्रांत धरावी. एरवी बाळासाठी काळा रंग कुणी घेऊ देत नाही, पण बोरन्हाणाला काळेच झबले हवे. काळ्या लोकरीत पांढरे ठिपके घातले की हलवा आधीच सांडल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहावी की नाही असे दोनदा वाटले. बाळ जन्मण्याआधी त्याचे कपडे करू नयेत, असे आमच्या सासूबाई म्हणत. मी हसत असे. आमच्याच टेबलावरची एक मुलगी, पाचवा महिना चाललेला. मी पिवळी लोकर आणून टोपरे निम्मे विणले होते, आणि एका सोमवारी ती आली नाही. अशा वेळी कायद्याने सहा आठवड्यांची रजा मिळते. मी ते विणकाम पिशवीच्या तळाशी दडपले. उसवावे तर हात होईना, पुरे करावे तर कोणासाठी? सासूबाईंचे वाक्य रात्री-अपरात्री आठवे. असे काही विणण्यामुळे होत नसते हे डोक्याला कळते. हातांना कळायला वेळ लागतो.

सहा आठवड्यांनी ती परतली आणि आमच्या चौघींच्या मध्ये नेहमीच्या जागी बसली. एकीनेही सुया बाहेर काढल्या नाहीत. ठाणे आले, घाटकोपर गेले. मग तीच म्हणाली, “ताई, हात का थांबवलेत? मला माहीत आहे तुम्ही काय विणत होतात. पिवळी लोकर दिसली होती मला.”

मी काही बोलू शकले नाही. तिने हात पुढे केला. मी ते अर्धे टोपरे दिले. तिने ते मांडीवर पसरून पाहिले, आणि थोड्या वेळाने सुई काढून घेऊन एक टोक ओढले. कुर्ल्यापासून भायखळ्यापर्यंत ती उसवत होती नि मी गुंडाळत होते. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून धुवून ओली टांगावी लागते, म्हणजे सरळ होते. ते मी रविवारी केले. सोमवारी तिने विचारले, “सुलट टाका कसा घालायचा?”

पुढच्या थंडीत हिशेबखात्यातल्या एका बाईला मुलगा झाला. बारशाला पिवळे टोपरे गेले, ते तिचे. तिसऱ्या ओळीत एक टाका सुटला आहे आणि डाव्या कानाकडची बाजू उजवीपेक्षा बोटभर मोठी आहे. त्या बाईने ते तसेच बाळाला घातले, नि फोटो काढताना डावा कान पुढे येईल असे त्याला धरले.