विश्लेषण : हरवलेला कौटुंबिक फोटो बहुधा नातेवाइकाच्याच घरी! पण त्यातल्या माणसांची नावे कुठे शोधायची?

जानेवारीच्या सुरुवातीला तीन राजांचा सण येतो. बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या गोराई गावात ‘होली मॅजाय’ चर्चच्या परिसरातली घरे तेव्हा पाहुण्यांनी भरतात. कुणी वसईहून येते, कुणी वांद्र्याहून, कुणी आखातातून सुट्टी काढून. जेवणे उरकली की हमखास एक प्रश्न निघतो : ‘आजीच्या लग्नाचा फोटो कुणाकडे आहे?’ प्रत्येकाला वाटते, तो दुसऱ्याकडे आहे. असे फोटो जातात कुठे, सापडतात कसे आणि सापडल्यावर पहिले काम कोणते?

गोराईसारख्या ठिकाणी फोटो का पांगतात?

मुंबईत ‘गोराई’ म्हटले की दोन जागा डोळ्यांपुढे येतात आणि फोटो पांगण्याची कारणे दोन्हीकडे वेगळी आहेत. खाडीपलीकडचे गाव मनोरी आणि उत्तनचे शेजारी. येथील ईस्ट इंडियन समाज मूळचा याच किनाऱ्यावरचा आणि घरात मराठीचीच बोली बोलणारा. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्याने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. बोरिवलीला जायचे तर होडी, नाही तर उत्तन-भाईंदरचा वळसा. त्यामुळे नोकरीसाठी जो बाहेर पडला तो बहुधा बाहेरच राहिला. पुढे आखात, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. जाताना सामानात आठवण म्हणून दोन-चार फोटो असत आणि ते अल्बममधूनच उचकटून घेतलेले असत.

खाडीच्या अलीकडची गोराई ही म्हाडाची वसाहत. जागतिक बँकेच्या साह्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या नागरी विकास प्रकल्पात चारकोपप्रमाणे येथेही लहान भूखंड आखले गेले. चाळीतल्या एका खोलीत वाढलेले भाऊ असे उपनगरांत वेगवेगळे झाले. भांडीकुंडी वाटून घेता आली, फोटोंची पत्र्याची पेटी मात्र एकालाच मिळाली. पुढे बोलणे तुटले, तर पेटीही तुटली.

मग शोध कुठे घ्यायचा?

पूर्वी स्टुडिओत काढलेल्या फोटोची एकच प्रत क्वचितच असे. लग्नाचा फोटो दोन्ही घरी जाई, एखादी प्रत गावच्या काकांना टपालाने धाडली जाई. घरात कॅमेरा आल्यावरही तेच. ‘आग्फा क्लिक थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघत, आणि चांगला आलेला फोटो चार जणांना हवा असे. त्यामुळे आपल्या कपाटात फोटो नाही म्हणजे तो जगातच नाही, असे नसते.

येथे मराठी घरांची एक सवय आड येते. वंशावळ मुलग्यांच्या बाजूने मोजायची म्हणून विचारपूसही चुलत्यांकडेच होते. प्रत्यक्षात आईचा फोटो जपून नेला असण्याची शक्यता सासरी गेलेल्या लेकीचीच जास्त. आत्या, मावशी आणि त्यांच्या सुना यांच्याकडे आधी विचारावे. घरातल्या घरातही काही जागा पाहण्याजोग्या असतात : तसबिरीच्या फ्रेममध्ये वरच्या फोटोमागे दडलेला जुना फोटो, बायबल किंवा पोथीची पाने, बँकेची जुनी पासबुके, घराच्या कागदपत्रांची पिशवी. निगेटिव्ह सापडली तर कागदावरच्या प्रतीपेक्षा ती मोलाची, कारण तिच्यातून नवी प्रत निघते. अनेकांनी ती ‘काळी पट्टी’ म्हणून कधीच फेकली आहे.

काही फोटो खरोखरच जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतल्या तळमजल्यांवरची किती तरी कपाटे चिखलात गेली. तेथे नातेवाइकाकडची दुसरी प्रत हाच उपाय उरतो.

फोटो सापडला, माणसे ओळखायची कशी?

खरी घाई येथे आहे. फोटो आणखी २० वर्षांनीही पेटीत सापडेल, पण त्यातल्या चेहऱ्यांना नावे देऊ शकणाऱ्या व्यक्ती प्रत्येक घरात दोन-तीनच उरलेल्या असतात आणि त्या ऐंशीच्या पुढे असतात.

सुरुवात फोटोच्या मागच्या बाजूने करावी. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, पेनाने लिहिलेली तारीख, पोस्टकार्डासारखी छपाई यांतून काळाचा अंदाज येतो. मग पेहराव. ईस्ट इंडियन लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणायला निघालेल्या लुगड्यातल्या बायका दिसत असतील, तर प्रसंग ठरला आणि कोणत्या घरचे लग्न एवढेच शोधायचे उरले. नावांसाठी चर्चची दप्तरे उपयोगी पडतात. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर धर्ममातापित्यांचीही नावे असतात. बाळाला हातात घेऊन उभी असलेली अनोळखी बाई बहुधा त्यांतलीच निघते. हिंदू घरांसाठी हेच काम छापील कुलवृत्तांत आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या करतात, मात्र लेकींच्या बाजूची माहिती तेथे त्रोटक असते.

उरते ती माणसांची आठवण, आणि तिच्याशी जपून वागावे लागते. कॅनडा आणि न्यूझीलंडमधील मानसशास्त्रज्ञांचा २००२ मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २० जणांना त्यांच्या लहानपणीचे खरे फोटो दाखवताना त्यांत एक बनावट फोटो मिसळला होता. त्यात ते मूल गरम हवेच्या फुग्यातून उडताना दिसत होते. अशी सफर कधी झालीच नव्हती. तरी दोन-तीन मुलाखतींनंतर निम्म्या जणांना ती थोडीफार किंवा तपशिलासह ‘आठवली’. फोटो जशी आठवण जागी करतो, तशी नवीही घडवतो.

म्हणून आजीला ‘हा बाळूकाकाच ना?’ असे विचारणे चुकीचे. ती ‘हो’ म्हणेल आणि मग ते कायमचे ‘हो’ होईल. ‘या फोटोत काय चालले आहे?’ असे मोघम विचारून मोबाइलवर आवाज टिपावा. दोन वडीलधाऱ्यांना एकत्र बसवण्यापूर्वी वेगवेगळे विचारावे, कारण एकत्र बसल्यावर मोठ्या आवाजाची आठवण जिंकते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत. एकत्र बैठक मात्र जरूर घ्यावी, ती नंतर. वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ वाटणीचा विषय काढणार नाहीत, पण वडिलांच्या अंगातला कोट कुणाकडून मागून आणला होता यावर तासभर वाद घालतील. त्या वादातच माहिती मिळते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की काम झाले?

नाही. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो, तपशील हरवतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. स्कॅन शक्यतो ६०० डीपीआयवर करावे, आणि मागच्या बाजूचेही. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ‘स्वच्छ’ करण्याची हौस सध्या जोरात आहे, पण पुसट चेहऱ्यातले नाक-डोळे ती अंदाजाने भरते. पणजोबा देखणे दिसतात, पण ते पणजोबा राहतातच असे नाही. अशी प्रत करायचीच तर मूळ स्कॅन वेगळे ठेवावे.

मूळ प्रत कशी सांभाळायची?

मुंबईची दमट हवा हा मोठा शत्रू. फोटोवरचा जिलेटिनचा थर बुरशीचे खाद्य असतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकणे वाईट. चिकट पानांचे अल्बम आणखी वाईट, त्यांचा गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. भिजलेले फोटो दोन दिवसांच्या आत थंड, स्वच्छ पाण्यात हलके धुऊन, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत.

घराबाहेर त्यांना जागा आहे का?

आहे. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये मुंबईतून सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ कौटुंबिक फोटो आणि त्यामागच्या हकिकती एकत्र मांडतो. गोराईच्या शेजारी मनोरीत ‘मोबाई भवन’ हे ईस्ट इंडियन समाजाचे संग्रहालय आहे. मात्र कुठेही देण्यापूर्वी फोटोतल्या हयात व्यक्तींना आणि घरातल्या इतर शाखांना विचारावे. फोटो ज्याच्या पेटीत, त्याच्या एकट्याचाच असा समज नव्या भांडणाचे कारण ठरतो.

नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत, कारण बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. डावीकडून उजवीकडे, ओळीने, टोपणनावांसह. कोण सांगितले आणि कधी, तेही. आणि ज्याचे नाव कुणालाच सांगता आले नाही, त्याची जागा मोकळी न सोडता ‘डावीकडून तिसरी : ओळख पटली नाही’ एवढे लिहावे. पुढच्या सणाला होडीतून उतरणाऱ्या एखाद्या मावशीला ती ओळखू येऊ शकते.